फळीतून आठळीकडे

एप्रिलची सकाळ. किहीमच्या एका वाडीत, घराच्या मागच्या पडवीत तुम्ही उभे आहात. माळ्यावर यंदाच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगल्या आहेत आणि त्यांच्या मागे भिंतीलगत फणसाच्या चार फळ्या एकावर एक रचलेल्या आहेत. दोन फळ्यांच्या मधे बोटभर जाडीच्या पट्ट्या, वारा आरपार जावा म्हणून. पाच पावसाळे त्या तिथेच आडव्या आहेत. वरची फळी तुम्ही काकांच्या मदतीनं खाली घेता, फडक्यानं पुसता. वरून ती मातकट, ओळखू न येण्यासारखी. पण कडेला पटाशीनं एक टवका उडवलात की आत हळद फुटावी तसा पिवळा रंग.

“गिटार ती फणसाची?” काका विचारतात. “आमच्याकडे फणसाचे देव्हारे होतात. दरवाजे होतात.”

“तंजावरची वीणा फणसाचीच असते, काका. मृदंगमसुद्धा.”

तंजावर म्हटल्यावर काकांचा चेहरा जरा सैलावतो. सरफोजीराजांचं तंजावर त्यांना परकं नाही. “मग बघ वाजवून,” ते म्हणतात.

फळी वाजवून बघायची एक रीत आहे. एका टोकापासून साधारण पाचव्या हिश्श्यावर ती दोन बोटांत हलकी धरायची, लोंबती ठेवायची आणि मधोमध बोटाच्या पेरानं ठोकायची. भलतीकडे धरलीत तर चांगली फळीही मुकी होते. ओल्या किंवा आतून पोकळलेल्या लाकडाचा आवाज भद्द येतो आणि तिथेच विझतो. सुकलेलं, एकसंध लाकूड बोलतं, आणि बोलून क्षणभर थांबतं. तुम्ही ठोकता. ठण्ण. काका मान हलवतात. “वाजतेय.”

पण नुसत्या वाजण्यावर भुलू नका. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, म्हणजे पिकअप. ते तारेची थरथर ऐकतं, लाकडाची नाही. लाकडामुळे सूर किती बदलतो यावर लोक रात्ररात्र वाद घालतात. मला त्या वादात फारसा जीव दिसत नाही. गिटारवादक लेस पॉलनं 1940 च्या आसपास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावरच तारा ताणल्या होत्या आणि तो ओंडका वाजला होता. लाकडाकडून आपल्याला हवंय ते वेगळंच: मान जिथे बसते ती खाच वर्षानुवर्षं हलू नये, फळीला पीळ पडू नये, आणि खांद्याला ओझं होऊ नये. 50 सेंटिमीटर लांब, 35 रुंद आणि साडेचार जाड असा फणसाचा ठोकळा घेतला तर पावणेपाच किलोच्या आसपास भरतो. आकार कापून, खाचा काढून त्यातलं निम्मं उरेल, म्हणजे गळ्यात घालण्याजोगं. हे सगळं फळी सुकली कशी, चिरली कशी आणि झाड पडलं कसं यावर अवलंबून असतं. म्हणून फळी निवडायची तर तिच्या मागे मागे जावं लागतं.

फळीच्या टोकाला एक चीर आहे, वीतभर लांब. तिच्यावर अंगठा ठेवा.

*

3 जून 2020. दुपार. टाळेबंदीचे दिवस, त्यामुळे आधीच रस्ते सुने. सकाळपासून पाऊस आडवा येतोय आणि आता वाऱ्याचा आवाज वाऱ्यासारखा राहिलेलाच नाही. डोक्यावरून मालगाडी जात राहावी आणि तिचा शेवटचा डबा येऊच नये, तसा. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढतंय, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं. तुम्ही याच पडवीत, काकांच्या घरच्यांबरोबर, दाराला पाठ लावून बसला आहात. कौलं पत्त्यांसारखी उडतायत. सुपाऱ्या आधी वाकतात, मग मधोमध तुटतात. नारळ शेंड्याकडून मोडतात. फणसाचं मात्र तसं होत नाही. तो वाकत नाही. वारा दिशा बदलतो तेव्हा तो एकदा कुरकुरतो, आणि मग विहिरीच्या बाजूची माती उचलली जाते, मुळांसकट, भाकरी तव्यावरून उलटावी तशी. पडल्याचा आवाज वादळात ऐकूही येत नाही. पायाखालची जमीन तेवढी हलते.

संध्याकाळी वारा ओसरल्यावर तुम्ही बाहेर येता. वाडीत आकाश दिसतंय. आजवर कधी दिसलं नव्हतं इतकं. काका फणसापाशी उभे आहेत, खोडावर हात ठेवून. कोणी काही बोलत नाही. मोडलेल्या फांदीतून पांढरा चीक गळतोय आणि दोन कच्चे फणस चिखलात पडलेत.

पुढचे कित्येक दिवस वीज नाही. आधी घर शाकारायचं, मग रस्ता मोकळा करायचा. पडलेल्या झाडांचं जळण होतंय, कारण दुसरं काय करणार? पण फणसाचं बुंध्याकडचं सहा फूट खोड काका जळणाला देत नाहीत. आणि इथे तुम्ही, पुढच्या काळातून आलेले, त्यांच्या कानात एक गोष्ट सांगू शकता. सांगाच: “काका, टोकांना आज रंग फासा.”

लाकूड पाणी सोडतं ते सगळ्यात वेगानं त्याच्या दोन कापलेल्या टोकांतून. मधला भाग ओला असतानाच टोकं सुकून आखडतात, आणि ओढाताणीत चिरतात. उरलासुरला तेलरंग, मेण, डांबर, काहीही चालेल, पण कापल्या दिवशीच. काका फासतात, पण एकाच टोकाला. रंग तेवढाच होता. दुसऱ्या टोकाची ती चीर आज तुमच्या अंगठ्याखाली आहे.

दिवाळीनंतर ओंडका सॉ मिलवर जातो. मिलवाला विचारतो, कसा चिरू? हा प्रश्न तुम्ही आयुष्यभर लक्षात ठेवावा असा आहे. सरळ एकामागून एक फळ्या काढल्या तर लाकूड वाया जात नाही, पण कडेच्या फळ्यांमध्ये वर्तुळांच्या रेषा आडव्या पडतात आणि अशी फळी सुकताना खोलगट होते, ताटलीसारखी. गाभ्याजवळून जाणाऱ्या फळीत त्या रेषा उभ्या असतात; ती फुगते-आखडते कमी आणि सरळ राहते. मात्र नेमका मधला बिंदू फळीत नको, चिरेची सुरुवात तिथूनच होते. काका म्हणतात, “दोन इंची काढ.” गिटारच्या अंगाला पंचेचाळीस मिलिमीटर पुरतात, रंध्याला आणि पिळाला उरलेली जाडी सोडायची. करवत आत शिरते, आणि भुसा निघतो तो पिवळाधमक. याच पिवळ्या रंगात बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवत आले आहेत.

मग माळा. मग पट्ट्या, सगळ्या एकाखाली एक, नेमक्या ओळीत. ओळ चुकली तर फळी वजनानं वाकते आणि वाकलेलीच सुकते. इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब. पण तो कोरड्या मुलखाचा. किहीममध्ये जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली की लाकूड वाळायचं सोडून पाणी परत पितं. म्हणून इथे वर्षं मोजायची नाहीत, पावसाळे मोजायचे. आणि वजन. आठवड्याला एकदा काट्यावर ठेवायची, पेन्सिलीनं फळीवरच तारीख आणि आकडा लिहायचा. आकडा उतरायचा थांबला की समजायचं.

*

फळीच्या एका कडेला दोन बोटं रुंदीचा पांढुरका पट्टा आहे. ते सालीलगतचं, झाडाच्या जिवंत भागाचं लाकूड. त्यात पिष्ट असतं आणि किडीला तेच आवडतं. पिवळ्या गाभ्याला वाळवीही सहसा तोंड लावत नाही. जुनी माणसं लाकूड अमावास्येच्या सुमारास तोडायची, बांबू तर हमखास पाण्यात बुडवून ठेवायची. कीड लागू नये हाच हेतू. पण वादळ काही तिथी बघून येत नाही. पट्ट्यावर टाचणीच्या टोकाएवढी सात-आठ भोकं आहेत आणि एकाखाली पिठासारखी भुकटी. फुंकर मारा.

ऑगस्ट 1963. लंडनच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या घरात तुम्ही पोचता. सोळा वर्षांचा एक मुलगा आणि त्याचे वडील टेबलावर वाकलेले आहेत. दुकानातली गिटार परवडणारी नाही, म्हणून घरीच करायची ठरलंय. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी मिळालं आहे, शंभर वर्षांच्या आसपासचं. त्यालाही किडीची भोकं आहेत. मुलगा काड्यापेटीतल्या काड्या घेतो, भोकात बसवतो, वरून तासून टाकतो. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक. मुलाचं नाव ब्रायन मे. ही गिटार त्याला पुढे पन्नासहून जास्त वर्षं पुरणार आहे, आणि तिच्या शेजारी उभा राहून जो गाणार आहे तो फारुख बलसारा, उर्फ फ्रेडी मर्क्युरी, अगदी अलीकडेपर्यंत आपल्या पाचगणीच्या शाळेत पियानो बडवत होता.

तुम्हाला त्या काड्यांचा फार आधार वाटतो. परत या. पांढरा पट्टा तरीही कापून टाका. लाकूड पुरेसं आहे, आणि जिवंत कीड काडीनं बुजवता येत नाही. कापलेल्या कडेला बोरॅक्सचं पाणी दोनदा.

आता लोहचुंबक घ्या आणि फळीवरून सावकाश फिरवा. दारातल्या झाडाला माणसांनी काय काय ठोकलेलं असतं! मधे एका जागी चुंबक टच्कन चिकटतो. भोवती काळसर डाग. आत खिळा आहे, कपड्यांच्या दोरीचा असावा. झाडानं तो गिळून वर चार बोटं लाकूड चढवलं. रंध्याचं पातं त्याच्यावर गेलं असतं तर गेलंच होतं. आणि पिकअपच्या खाली राहिला असता तर?

तर 1904 साली अलिबागला काय चाललंय ते जाऊन बघा. इथून बारा-पंधरा किलोमीटर, बैलगाडीनं सकाळचा प्रवास. समुद्राजवळ एक वेधशाळा बांधली जातेय. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद मुंबईत कुलाब्याला साठ वर्षं चालली होती. आता मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे सोडून विजेवर धावणार, आणि त्या विजेनं सुया थरथरणार. म्हणून कुलाबा वेधशाळेच्या नानाभॉय मूस यांनी ही जागा निवडली. भिंतींना पोरबंदरचा दगड, त्यात लोहाचा अंश नाही म्हणून. बिजागऱ्या, स्क्रू, कड्या सगळं तांब्या-पितळेचं. तुम्ही सुताराच्या हातातला पितळी स्क्रू बघता आणि लक्षात येतं की तुमच्या गिटारचं सगळं गुपित या माणसांना टाळायचं आहे. लोखंड हललं की चुंबकाचं क्षेत्र हलतं. त्यांना तो दोष. तुमची तार त्यावरच वाजणार आहे. खिळा मात्र काढा. भोवतालचं लाकूड पटाशीनं कोरून, त्याच फळीच्या तुकड्याची खुंटी बसवा, रेषा जुळवून.

*

आणखी मागे जायचं तर आता थोडंच उरलं आहे. झाडाचं वय नव्वदीचं होतं असं काका म्हणतात. त्यांच्या आजीनं आठळी पुरली होती.

1930 चा पावसाळा. किहीम. वाडीत सगळीकडे थेंबांचा आवाज. माडाच्या झावळ्यांना सुगरणींची घरटी लोंबतायत आणि त्यांच्याकडे तोंड करून एक शिडशिडीत माणूस तासन् तास बसलाय, वहीत टिपणं काढत. बर्लिनहून पक्षीशास्त्र शिकून आलेला, वय तेहेतीस, सध्या हाताला नोकरी नाही. सलीम अली. तुम्ही त्यांच्या मागे, आवाज न करता बसा. नर भाताच्या पातीची, गवताची लांब चीर फाडून आणतो, गाठ मारतो, ओढून बघतो. घरटं अर्धं होतं. मग माद्या येतात. एक मादी आत शिरते, चोचीनं वीण ओढते, उलटी लटकते, बाहेर येते आणि उडून जाते. नापसंत. दुसरी येते, पुन्हा तीच तपासणी. पसंत पडलं तर नर उरलेलं घरटं पुरं करतो, आणि लगेच शेजारी दुसरं सुरू करतो, दुसरीसाठी. पुढच्या वर्षी ही निरीक्षणं छापून येतील. आपण मराठीत त्या पक्ष्याला सुगरण म्हणत आलो. विणकर नर आणि पारख करणारी ती, हे या वाडीच्या अंगणात नीट टिपलं गेलं.

साहित्याची पारख मी तिच्यापासून शिकावी असं मला फार वाटतं. ती घरट्याकडे लांबून बघून ठरवत नाही. आत जाते, ओढते, वजन टाकते.

विहिरीपाशी एक बाई वाकलेली आहे. पाऊस तिच्या पदरावरून ओघळतोय. ती बोटानं चिखलात खड्डा करते, आठळी टाकते, पायानं माती सारते आणि निघून जाते. इतकंच. फळीचा इथवरचा मागोवा संपला.

पण तुम्ही अजून मागे जा, फळीशिवाय. कारण एक प्रश्न राहिला आहे: असं लाकूड घ्यायचा हक्क कुणाचा?

*

सप्टेंबर 1679. किहीमच्या किनाऱ्यावर रात्र आहे, सुरूची बनं अजून कुणी लावलेली नाहीत, नजर मोकळी. समोर थळच्या बाजूला खांदेरी, काळी, पाण्यात पालथी पडलेली. शिवाजी महाराजांची माणसं तिथे तट चढवतायत आणि मुंबईकर इंग्रजांची जहाजं वाट अडवून उभी आहेत. थळच्या खाडीतून लहान होड्या निघतात, दिव्यांशिवाय. त्यात दगड, धान्य, वासे. मोठ्या जहाजांना ना ओहोटीत इतक्या आत येता येतं, ना वाऱ्याविरुद्ध वळता येतं. वल्ह्यांच्या होड्या मधून निसटतात. तुम्ही एका होडीत चढा. वल्ह्याशेजारी हात टेकवा: ओलं लाकूड, तेलाचा वास, सांध्यात कोंबलेला काथ्या. बेटावर उतरल्यावर तिथला एक खडक दगडानं वाजवून बघा. खण्ण. धातूसारखा. आजही वाजतो. कोणता पदार्थ बोलेल हे दिसण्यावरून कळत नाही, याची मला यापेक्षा चांगली खूण माहीत नाही. महिन्याभरानं इंग्रजांची डव्ह नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागेल, आणि तट उभा राहील.

आता छत्तीस वर्षं पुढे, 1715 च्या सुमाराला. रामचंद्रपंत अमात्य आज्ञापत्र सांगतायत. पंतांनी शिवाजी महाराजांचं राज्य पाहिलेलं, वय झालेलं. विषय आरमाराचा, आणि त्यात लाकडाचा. जहाजाला फळ्या लागतात, डोलकाठ्या लागतात. पंत सांगतात, त्याचा अर्थ असा: रानातलं सागवान वगैरे परवानगीनं तोडा, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणा. आंबे-फणसही आरमाराच्या कामाचे आहेत, पण रयतेच्या त्या झाडांना हात लावू नका. ती वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करा, पैसे द्या, त्याच्या मनाला दुखवू नका, मग तोडा.

लेखणी क्षणभर थांबते. तुम्ही तिथे, कोपऱ्यात, हे ऐकत उभे आहात, आणि तुम्हाला विहिरीपाशी वाकलेली ती बाई आठवते. ती अजून दोनशे वर्षांनी यायची आहे. महाराष्ट्रात 1964 साली झाडतोडीवर कायदा झाला, त्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. गिटार करू पाहणाऱ्यानं आधी पंतांना विचारावं आणि मग वखारीत जावं. उभा फणस पाडून केलेल्या गिटारला माझा हात लागणार नाही. वादळानं पाडलेला, घरानं जपलेला आणि काकांनी आपल्या हातानं दिलेला असेल, तर मात्र त्याचं चीज करणं हे कामच आहे.

*

पडवी. दुपार चढलीय. फळी बाकावर पक्की बसवा आणि रंधा घ्या.

फणस रंध्याला सरळ जात नाही. त्याच्या रेषा एका थरात डावीकडे आणि पुढच्या थरात उजवीकडे झुकतात. एक वीत मलईसारखी निघते, पुढची उचकटते. पातं पुन्हा घासा, दगडावर पाणी टाकून, बोटाच्या केसाला लागेल इतकं. काप अगदी पातळ घ्या आणि रंधा तिरका धरा. जिथे तरीही उचकटतं तिथे रंधा सोडा, पोलादाच्या पातळ पट्टीनं खरवडा. एक बाजू सपाट झाली की गुण्या लावा, फळी उजेडाकडे धरा. गुण्या आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसते का? डाव्या टोकाला दिसते. अजून दोन हात.

एकाच फळीचे दोन तुकडे कडेला कड लावून जोडायचे आहेत, म्हणजे मधोमध सांधा येईल. पुस्तक उघडावं तसे ते मांडून बघा: खिळ्याचा डाग एकीकडे, गाठ दुसरीकडे. चिरेचं टोक आकाराच्या बाहेर जाईल असं सरकवा. कडा एकमेकींवर ठेवून हलवून बघा. डुलल्या तर अजून उंचवटा आहे. चिकटल्यासारख्या थांबल्या की फेव्हिकॉल, शिकंजे, आणि दोन दिवस हात लावायचा नाही.

“मग वाजणार कधी?” शिकंजे सोडताना काका विचारतात.

“आकार आत्ताच मोठा धरून कापून ठेवतो. मग पावसाळाभर वर. कापल्यावर लाकूड थोडं खेळतं, ते खेळून होऊ दे. दिवाळीनंतर शेवटचा रंधा.”

“म्हणजे सहावा पावसाळा.”

काका पेन्सिल देतात. तुम्ही कापलेला ठोकळा काट्यावर ठेवता, मागच्या बाजूला तारीख लिहिता आणि खाली वजन: 4 किलो 120 ग्रॅम. मग तो त्यांच्या हाती वर देता. ते पट्ट्या नीट ओळीत सारतात, ठोकळा ठेवतात, आणि उतरता उतरता जेवणासाठी वेणीतले दोन कांदे तोडून घेतात.